सौरऊर्जेवर पाण्यातून हायड्रोजन: प्रात्यक्षिकापूर्वीची तयारी

कनिष्ठ महाविद्यालयात सूर्यप्रकाशाच्या विजेवर पाण्याचे विद्युत अपघटन (विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन) करून दाखवायचे असेल, तर सामान जमवण्याआधी हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेवटपर्यंत वेगळे कसे राहतील हे ठरवावे. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या विस्तृत मर्यादेत मिसळलेला हायड्रोजन क्षुल्लक ठिणगीनेही पेटतो, आणि ऑक्सिजनबरोबरचे त्याचे मिश्रण तर त्याहून घातक असते. त्यामुळे एकाच बरणीत वीज पुरवणाऱ्या दोन्ही धातूच्या पट्ट्या बुडवून एकाच नळीने वायू बाहेर काढण्याची रचना, कितीही सोपी वाटली, तरी वर्गात आणू नये. प्रत्येक काचपात्रात दोन अंशांकित नळ्या द्रावणाने काठोकाठ भरून, ऋणाग्र (पॅनेलच्या ऋण टोकाला जोडलेली पट्टी, इथे हायड्रोजन निघतो) आणि धनाग्र (धन टोकाला जोडलेली पट्टी, इथे ऑक्सिजन निघतो) यांच्यावर एकेक उलटी बसवावी.

पाणी डिस्टिल्डच घ्यावे, कारण बोअरच्या पाण्यातील क्षार अग्रांवर साचतात. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्यात विद्युत अपघटनी, म्हणजे विरघळून पाण्याला वीजवाहक बनवणारा पदार्थ, मिसळावे लागते. यासाठी मीठ कदापि वापरू नये, कारण त्यामुळे धनाग्रावर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण आणि निकेलच्या पट्ट्या ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. स्टेनलेस स्टीलचे धनाग्र झिजले, तर घातक क्रोमियम संयुगे द्रावणात उतरू शकतात. ॲल्युमिनियम तर अल्कलीत स्वतःच विरघळते आणि स्वतःच हायड्रोजन सोडते, त्यामुळे मोजमापाला काही अर्थ उरत नाही. द्रावण करताना पाण्यात अल्कली थोडी थोडी टाकावी, उलट क्रमाने नव्हे, कारण ती विरघळताना बरीच उष्णता निघते. चष्मा आणि रबरी हातमोजे विद्यार्थ्यांसह सर्वांनी घालावेत.

पॅनेल ६ व्होल्ट, ३ वॅटचे पुरेसे आहे. सैद्धांतिकदृष्ट्या पाण्याच्या विघटनाला १.२३ व्होल्ट लागतात, पण अशा साध्या मांडणीत प्रत्यक्षात २ ते ३ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणून एकाच पात्राला पॅनेल जोडून त्याची क्षमता वाया घालवण्यापेक्षा दोन पात्रे एकसरीत (एकापाठोपाठ एक) जोडावीत. तोच प्रवाह दोन्हींतून जातो आणि वायू दुप्पट मिळतो. प्रवाहमापी विसरू नये, कारण खरा अभ्यास त्याच्याच आकड्यांत आहे. अर्धा अँपिअर प्रवाह दहा मिनिटे वाहिला, तर खोलीच्या तापमानाला प्रत्येक पात्रात सुमारे ३८ मिलिलिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन मिळायला हवा. सुरुवातीला ऑक्सिजन थोडा कमी भरतो, कारण तो पाण्यात हायड्रोजनपेक्षा अधिक विरघळतो. हे आधी सांगू नये, विद्यार्थ्यांनाच कारण शोधू द्यावे.

वेळ सकाळी ११ ते दुपारी २ दरम्यानची आणि जागा उघड्या गच्चीवरची निवडावी. पॅनेलमधील सौरघट एकसरीत असल्याने एका घटावर पडलेली फांदीची सावलीही संपूर्ण प्रवाह खाली आणते.

काडीने चाचणी करायची ती परीक्षानळीभर वायूचीच, आणि मांडणीपासून दूर जाऊन. बाटलीत किंवा फुग्यात हायड्रोजन साठवू नये. उन्हातले पॅनेल बटणाने बंद होत नाही, म्हणून जाड कापड आधीच हाताशी ठेवावे. प्रयोग संपताच पॅनेल त्याने पूर्ण झाकावे, प्रवाहमापी शून्यावर आल्यावरच तारा सोडवाव्यात, आणि उरलेले द्रावण नाव व दिनांक लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवावे.