डेस्कटॉप विकी घडवताना: पडदा सजवलेला, फाईल साधी

डेस्कटॉप विकी म्हणजे आपल्याच संगणकावर राहणारी, दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या पानांची वही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि खिडक्या-बटणे बनवण्याचे जीटीके हे साधन वापरून लिहिलेला ‘झिम’ हा मुक्तस्रोत प्रोग्राम या प्रकाराचा चांगला वस्तुपाठ आहे. त्यात प्रत्येक पान ही एक साधी मजकूर फाईल असते, उपपाने त्याच नावाच्या फोल्डरात जातात, आणि जाड वा तिरप्या अक्षरांच्या खुणा फाईलमध्ये असूनही लिहिणाऱ्याला त्या दिसत नाहीत. असा छोटा विकी याच साधनांनी स्वतः लिहायचा असेल, तर सुरुवात खिडकी आणि बटणांपासून करू नये.

खरी प्रत फाईलमधली आणि पडद्यावर दिसते ते केवळ तिचे रूप, हे आधी ठरवून टाकावे. त्यानुसार पहिल्यांदा दोनच फंक्शने लिहावीत: एक फाईल वाचून मजकुराचा वृक्ष (एकात एक बसणाऱ्या भागांची रचना) बनवणारे आणि दुसरे त्या वृक्षातून फाईल परत लिहिणारे. काहीही न बदलता पान उघडून साठवले, तर जुनी व नवी फाईल अक्षरशः सारखीच निघाली पाहिजे. ही चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत पुढे जाऊ नये. नाहीतर पान नुसते चाळले तरी रिकाम्या ओळी हलतात आणि गिट (फाईलींमधले बदल नोंदवणारी प्रणाली) वापरणाऱ्याला न केलेले बदल दिसू लागतात.

मार्कअप, म्हणजे फाईलमधल्या रूपाच्या खुणा, मोजकाच ठेवावा: जाड अक्षरांसाठी **, तिरप्यांसाठी //, दुव्यासाठी [[ ]] आणि मथळ्यासाठी बरोबर-चिन्हे इतके पुष्कळ झाले. मात्र ओळ वाचताना संकेतस्थळांचे पत्ते, दुवे आणि जसाच्या तसा ठेवायचा मजकूर हे सर्वांत आधी बाजूला काढावे, कारण प्रत्येक पत्त्यात :// असते आणि क्रम चुकला की तिथून पुढची अर्धी ओळ तिरपी होते.

यानंतर जीटीकेच्या टेक्स्टबफरकडे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर सांभाळणाऱ्या भागाकडे, वळावे. त्यात मजकूर शुद्ध स्वरूपात भरून रूप टॅगांनी, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांनी, द्यायचे असते. येथे खरी अडचण साठवताना येते, कारण टॅग एकमेकांवर कसेही पसरू शकतात, पण मार्कअपमधल्या खुणा एकमेकींच्या आत नीट बसाव्या लागतात. ‘कैरीचे लोणचे मुरले’ यात पहिले दोन शब्द जाड आणि शेवटचे दोन तिरपे असतील, तर ‘लोणचे’ दोन्हींत येते. म्हणून जाड खूण बंद करण्यापूर्वी तिरपी बंद करून नंतर ती पुन्हा उघडावी लागते, आणि फाईलमध्ये **कैरीचे //लोणचे//** //मुरले// असे लिहिले जाते. टॅगच्या टोकाला आलेली मोकळी जागा खुणेच्या बाहेर ढकलावी.

टाइप करता करता रूप बदलण्याची सोय आकर्षक असली, तरी ती जपून द्यावी. बंद करणाऱ्या ** नंतर स्पेस आली की तारे काढून टॅग लावावा, आणि लगेच बॅकस्पेस दाबल्यास तारे जसेच्या तसे परत यावेत. हा मागे फिरण्याचा मार्ग नसला, तर माझ्या मते ही सोय न दिलेलीच बरी.

मराठी पानांच्या नावांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. ‘दऱ्या’ हा शब्द थेट ऱ वापरून, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह वापरून, अशा तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो; डोळ्यांना तिन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. परिणामी दुवा आहे, पान आहे, तरीही ते सापडत नाही. युनिकोड या अक्षर-संकेताच्या एनएफसी रूपांतराने (एकाच अक्षराची वेगळी लेखने एकसारखी करण्याच्या ठरलेल्या रीतीने) पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. त्यासाठी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालणारा नियम आपणच लिहावा. तो फक्त नावे जुळवताना लावावा, पानातल्या मजकुराला हात लावू नये. शिवाय मजकुरातली स्थाने बाइटांत मोजू नयेत, कारण यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. पायथनची स्ट्रिंग आणि जीटीकेचा ऑफसेट (मजकुरातले स्थान) दोन्ही कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडची एकेक चिन्हे, मोजतात, म्हणून तिथे हिशेब आपोआप जुळतो.

कोणत्या पानाकडे कुठून दुवा येतो याची सूची एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवावी, म्हणजे पानाचे नाव बदलल्यावर कोणत्या फाईली दुरुस्त करायच्या ते कळते. ही सूची पुसली तरी फाईलींवरून पुन्हा बनवता आली पाहिजे. साठवताना मजकूर आधी त्याच फोल्डरातल्या तात्पुरत्या फाईलमध्ये पूर्ण लिहावा आणि मगच तिला मूळ नाव द्यावे. मध्येच वीज गेली, तर निदान जुने पान शाबूत राहते.