हळदीच्या आधी शेड ठरवावी: फाउंडेशन आणि ब्लशची तयारी

लग्नाचा मुहूर्त मार्गशीर्षातला असेल, तर फाउंडेशन नवरात्रात विकत घेऊ नये. आश्विनात वडोदऱ्याचे ऊन चांगलेच तापलेले असते, आणि त्या दिवसांत रापलेली त्वचा, तिचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलत जातो तशी, हळूहळू आपल्या मूळ रंगाकडे परतते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तंतोतंत जुळलेली शेड डिसेंबरमध्ये गडद वाटू लागते. लग्नाला पंधरा-वीस दिवस उरले असताना खरेदीला जाणे सर्वांत सोयीचे. याहून उशीर मात्र करू नये, कारण मध्ये केळवणे येतात, पाहुणे येतात आणि मग हळद येते. हळदीतल्या कर्क्युमिनचा पिवळेपणा धुतल्यानंतरही एक-दोन दिवस त्वचेवर रेंगाळतो, आणि त्या अवस्थेत पारखलेली शेड हमखास जास्त पिवळी निघते.

खरेदीला जाताना चेहरा स्वच्छ धुतलेला असावा, त्यावर पावडरही नसावी, आणि अंगात पांढरा किंवा अगदी फिकट रंगाचा कुर्ता असावा, कारण राणी किंवा केशरी रंगाचे कापड आपला रंग हनुवटीवर आणि गळ्यावर पाडते. सोबत एक हातआरसा, एक पांढराशुभ्र रुमाल आणि एक मोतिया रंगाचा कापडाचा तुकडा घ्यावा. वेळ सकाळी दहा-अकराची असावी. वडोदऱ्यातला मंगळबाजार असो वा रावपुरा, दुकानातल्या दिव्यांखाली रंग ठरवू नये. शेड लावून आरसा हातात घ्यावा आणि सरळ दुकानाच्या पायरीवर, सावलीतल्या उजेडात, येऊन उभे राहावे. दुकानदार यात काही वावगे मानत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्वचेचा रंग पारखताना दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहायच्या असतात, आणि बहुतेक चुका या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात. पहिली म्हणजे रंगाची खोली, म्हणजे ज्याला आपण उजळ, निमगोरा, गव्हाळ, सावळा म्हणतो ते; ती मुख्यतः त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असते. दुसरी म्हणजे अंतर्छटा, म्हणजे त्या रंगाच्या आतून डोकावणारी पिवळसर, गुलाबी किंवा हिरवट झाक. तिच्यात मेलॅनिनच्या प्रकाराबरोबर रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आणि कॅरोटीनचाही वाटा असतो. दोन सख्ख्या बहिणी सारख्याच गव्हाळ असतील, पण एकीची झाक पिवळी आणि दुसरीची गुलाबी असेल, तर एकीची बाटली दुसरीला चालणार नाही. बाटलीवरचे डब्ल्यू हे अक्षर सहसा पिवळसर, सी हे गुलाबी आणि एन हे मधल्या झाकेसाठी असते. आकडे मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून एका कंपनीचा क्रमांक दुसरीकडे सांगून उपयोग नाही.

अंतर्छटा ओळखण्यासाठी मनगटावरच्या शिरा पाहाव्यात, हिरव्या दिसल्या तर झाक पिवळी आणि निळ्या दिसल्या तर गुलाबी, असे सर्रास सांगितले जाते. सावळ्या त्वचेवर ही खूण भरवशाची नाही; तिथे शिरा नीट दिसतच नाहीत. त्यापेक्षा रुमाल आणि मोतिया कापड आळीपाळीने गळ्याशी धरून पाहावे. पांढऱ्याशेजारी चेहरा निस्तेज वाटला आणि मोतियाशेजारी तजेलदार, तर झाक पिवळी समजावी. शेड शोधताना त्वचेच्या सहा प्रकारांचा जो तक्ता पुढे केला जातो, त्याचा आधार हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांचे १९७५ मधले वर्गीकरण आहे. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते, हे त्यात पाहिले आहे. शेडचे काम त्याने होत नाही.

शेड हाताच्या पाठीवर लावून पाहू नये. हाताचा रंग चेहऱ्याहून वेगळा असतो. जवळजवळच्या तीन शेड घेऊन जबड्याच्या कडेवर, थोड्या गालावर आणि थोड्या मानेवर उतरतील अशा, बोटभर लांबीच्या तीन रेघा ओढाव्यात आणि पंधरा-वीस मिनिटे तशाच ठेवाव्यात. त्वचेच्या तेलात मिसळल्यावर आणि वाळल्यावर पुष्कळ फाउंडेशने थोडी गडद होतात. एवढ्या वेळानंतर जी रेघ शोधावी लागते, ती आपली शेड. आपल्याकडे पुष्कळ जणींचे कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा सावळा असतो. तरी शेड मानेशीच जुळवावी आणि त्या भागांसाठी काळसरपणा झाकणारा किंचित नारिंगी कन्सीलर वेगळा घ्यावा.

माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही हे पाळले नाही. दुकानात काउंटरवरच्या मुलीने आपुलकीने दोन शेड उजळ बाटली पुढे केली, घरातल्या मोठ्यांनीही मान डोलावली, आणि मुहूर्ताच्या दिवशी मांडवाबाहेरच्या उन्हात तिचा सुरेख सावळा चेहरा राख फासल्यासारखा दिसला. मान मात्र तिची स्वतःची राहिली. याचे कारण साधे आहे. फाउंडेशनचा रंग पिवळ्या, तांबड्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडांतून व पांढऱ्या टायटॅनियम डायॉक्साइडमधून जुळवलेला असतो, आणि उजळ शेडमधला जास्तीचा पांढरा रंग सावळ्या त्वचेवर करडा उतरतो. ‘जरा उजळच द्या’ हे वाक्य दुकानात कुणीही, अगदी आत्याबाईंनीही, उच्चारू नये असे मला मनापासून वाटते. सावळ्या रंगाचे तेज त्याच्याच शेडमध्ये खुलते.

ब्लश फाउंडेशन ठरल्यावरच घ्यावा आणि त्या थरावरच लावून पाहावा. आपल्या गालांचा स्वाभाविक रंग कोणता, हे गरब्याचे दोन फेरे झाल्यावर किंवा तीन जिने भरभर चढून आल्यावर आरशात दिसते. त्या रंगाच्या जवळचा ब्लश कधी परका वाटत नाही. उजळ गुलाबी त्वचेला फिका गुलाबी पुरतो. गव्हाळ आणि पिवळसर त्वचेवर अबोली आणि गाजरी रंग फार गोड दिसतात. सावळ्या त्वचेला विटकरी, डाळिंबी, गुलबक्षी असे भरदार रंग घ्यावेत. डबीत ते भडक वाटतात म्हणून पुष्कळ जणी घाबरून मागे ठेवतात, पण गालावर तेच मुरतात, आणि फिका गुलाबी मात्र खडूसारखा वर तरंगतो. सवड असेल तर लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांतले चेहरे जवळून पाहून यावेत. गालावरची लाली आणि शेजारची त्वचा यांच्यामध्ये तिथे कुठेही रेघ सापडत नाही.

घेतलेली शेड कानामागे लावून दोन दिवस खाज किंवा पुरळ येत नाही ना, हे पाहावे, आणि बाटलीवरच्या उघड्या डबीच्या चित्रातला आकडा वाचावा. १२ एम म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मग एकदा पूर्ण चेहरा रंगवून, पिवळी अष्टपुत्री खांद्यावर घेऊन, दिवसाउजेडी एक आणि रात्री फ्लॅशवर एक असे दोन फोटो काढावेत. पिवळ्या साडीचा रंग हनुवटीवर पडून ब्लश फिका वाटला, तर मुहूर्तासाठी तो थोडा वाढवावा. फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक आला, तर दोष बहुधा शेडचा नसून वरच्या सिलिका पावडरचा किंवा सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायॉक्साइडचा असतो. संध्याकाळच्या स्वागतसमारंभासाठी ते बदलावे. एकच शेड नेमकी मिळाली नाही आणि दोन बाटल्या मिसळाव्या लागल्या, तर गडद किती थेंब आणि फिकी किती थेंब, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलीलाच रबराने बांधावी, कारण त्या पहाटे चेहरा रंगवणारा हात बहुधा दुसऱ्याच कोणाचा असतो.