नागपूरच्या मातीवर माउंटन बाइक : चाक, टायर आणि कच्च्या वाटेवरची सायकल

नागपुरात माउंटन बाइक घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरल्यावर बहुधा दोनच गोष्टी विचारतो : गिअर किती आहेत आणि सस्पेन्शन पुढेच आहे की मागेही. हे दोन्ही प्रश्न खरे तर शेवटी विचारायचे आहेत. कच्च्या वाटेवर सायकल जमिनीला फक्त दोन ठिकाणी, प्रत्येकी तळहाताहून लहान जागेत टेकते आणि पकड, आराम, वेग, पंक्चर हे बहुतेक सारे त्या दोन जागांवरच ठरते. म्हणून पैशाचा आणि विचाराचा क्रम आधी टायर, मग ब्रेक, मग चाके, त्यानंतर गिअर आणि सर्वांत शेवटी सस्पेन्शन असा असावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

टायर निवडण्याआधी जमीन ओळखावी लागते. नागपूर शहर दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व कडेवर वसले आहे. पश्चिमेला हिंगणा, काटोल, कोंढाळी या दिशांना गेल्यास चढावर काळा दगड, उतारावर मुरूम आणि सखल भागात कापसाची काळी माती अशी जमीन लागते, तर ईशान्येला मनसर आणि रामटेककडे खडकच बदलतो. तेथील मँगनीजच्या खाणी त्या वेगळ्या, फार जुन्या खडकातल्या आहेत. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र मुरूम, काळी माती आणि सुटे दगड हे तीन प्रकार महत्त्वाचे, कारण तिन्हींच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

चाकाचे माप

बाजारात २६, २७.५ आणि २९ इंच अशी तीन मापे आढळतात. हे आकडे रुंद टायर बसवल्यावरच्या बाहेरच्या व्यासाचा ढोबळ अंदाज देतात. टायर रिमवर जिथे बसतो तिथला खरा व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असतो. सुटा टायर घेताना त्याच्या बाजूवर छापलेला हाच तीन आकडी अंक पाहावा, म्हणजे चुकीचे माप घरी येत नाही. २९ इंची चाकाचा ६२२ हा व्यास आणि रस्त्यावरच्या ७०० सी सायकलचा व्यास एकच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मोठे चाक दगडाला किंवा खड्ड्याच्या काठाला अधिक पसरट कोनातून भिडते, त्यामुळे ते अडखळत नाही आणि आलेला वेग टिकवते. मुरमाच्या लांब, मोकळ्या वाटांवर हा फायदा स्पष्ट जाणवतो. त्याची किंमत अशी की चाक जड असते, थांबून पुन्हा वेग घेताना ते आळसते आणि कमी उंचीच्या व्यक्तीला हॅण्डल उंच व दूर वाटू शकते. साधारण सव्वापाच फुटांपेक्षा उंच व्यक्तीने २९ आणि त्याहून कमी उंचीच्या व्यक्तीने २७.५ इंची चाकाची सायकल आधी चालवून पाहावी. निर्णय मात्र फ्रेमच्या मापावरून घ्यावा, कारण चुकीच्या मापाची फ्रेम कोणत्याही चाकाने बरी होत नाही. घरात जुनी २६ इंची सायकल असेल तर ती मोडीत काढण्याची घाई करू नये. तिच्या ट्यूब आणि टायर तालुक्याच्या दुकानातही मिळतात, आणि लांबच्या वाटेवर ही गोष्ट लहान नाही. पुढे २९ आणि मागे २७.५ अशी मिश्र जोडी तीव्र उतारांवरच्या चपळाईसाठी आहे. आपल्याकडे तिची गरज क्वचितच भासते.

टायर, हवा आणि सराटे

कोरड्या, घट्ट मुरमावर बारीक खड्यांचा थर असतो आणि त्यावर चाक दाण्यांवरून घसरते. त्यासाठी मधले खुंट जवळजवळ व बुटके, पण कडेचे खुंट दणकट असलेला, २.२ ते २.४ इंच रुंदीचा टायर उत्तम. ओल्या काळ्या मातीला याच्या उलट, एकमेकांपासून लांब लांब असलेल्या खुंटांचा टायर लागतो, म्हणजे चिकटलेली माती फिरताना झडते. दोन्ही एकत्र मिळत नाही. पुढच्या चाकाला जास्त पकडीचा आणि मागच्याला हलक्या खुंटांचा टायर लावणे ही माझ्या मते सर्वांत शहाणी तडजोड आहे, कारण मागचे चाक घसरले तर माणूस सावरतो, पुढचे घसरले तर पडतो. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा राहते का, हेही पाहावे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळी माती तेथेच अडकून चाक जाम करते.

हवेबाबत लोक सर्वाधिक चुकतात. रस्त्याच्या सवयीने ५० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरून मुरमावर गेलेली सायकल चेंडूसारखी उसळते. सुमारे ६५ ते ७० किलो वजनाच्या व्यक्तीने २.३ इंची टायरमध्ये ट्यूब असल्यास पुढे २८ व मागे ३० पीएसआयपासून आणि ट्यूबलेस असल्यास पुढे २२ व मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. मग एकाच ओळखीच्या वाटेवर दर फेरीला २ पीएसआय कमी करीत जावे. रिम दगडावर आपटू लागली किंवा वळणावर टायर लटपटला की २ पीएसआय वाढवून तेथेच थांबावे. यासाठी दाब दाखवणारा पंप घरी असायलाच हवा, अंगठ्याने दाबून हा फरक कळत नाही. पहाटे २५ पीएसआय भरलेला टायर ऊन चढून २० अंशांनी तापला तर दाब अडीच ते तीन पीएसआयने वाढतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळच्या हवेत थोडी कमतरता मुद्दाम ठेवावी.

आता काटे. बाभूळ आणि बोर यांचे काटे वर्षभर असतात, पण पावसाळा सरल्यावर पांदणांच्या कडेला पसरलेल्या वेलीचे वाळलेले सराटे हे नागपूरच्या सायकलस्वाराचे खरे दुखणे आहे, कारण सराटा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वरच राहतो. यावर ट्यूबलेस टायर आणि आतले सीलंट हाच टिकाऊ उपाय आहे. २९ इंची, २.३ रुंदीच्या टायरला साधारण १०० मिलिलिटर सीलंट लागते आणि काटा रुतल्यावर ते स्वतःच भोक बुजवते. रुतलेला काटा घरी येईपर्यंत उपटू नये. सीलंट उष्णतेने वाळते, तेव्हा मार्च ते जून या काळात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा आतला भाग काढून, बारीक काडी आत घालून ओल आहे का ते तपासावे. रिम ट्यूबलेसच्या जोगती नसेल तर व्हॉल्व्हचा आतला भाग निघणारी ट्यूब घेऊन तिच्यातच सीलंट घालावे. तरीही एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या) आणि लहान पंप सोबत असू द्यावा.

ब्रेक, हब, गिअर

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक परवडत असेल तर गिअरचे दोन दाते कमी चालतील, पण हा ब्रेक सोडू नये. पुढे १८० आणि मागे १६० मिलिमीटरची डिस्क नागपूरच्या आसपासच्या उतारांना पुरेशी आहे. नव्या पॅडना बसवण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडकवता, वेग चालण्याइतका कमी करणे असे वीसेक वेळा करावे. त्याआधी पूर्ण ताकदीची अपेक्षा ठेवू नये. काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आणि काहींमध्ये डॉट द्रव असतो. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, चुकीचा द्रव आतली सीले फुगवून खराब करतो. चेनला तेल देताना डिस्कवर थेंबही पडू देऊ नये.

स्वस्त सायकलींच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, गिअरचा जोड आट्यांनी बसवलेला असतो, त्याला फ्रीव्हील म्हणतात. त्यात उजव्या बाजूचे बेअरिंग आत सरकते आणि आधाराविना राहिलेला अॅक्सल (चाकाची आस) दगडांवरच्या आपटण्याने वाकतो किंवा मोडतो. नियमित कच्च्या वाटेवर जाणाऱ्याने कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा दातेरी चक्रांचा संच) बसणारा फ्रीहब आहे ना, एवढे विचारूनच सायकल घ्यावी. पुढे एकच ३२ दात्यांचे चक्र आणि मागे ११ ते ४६ किंवा १० ते ५१ दात्यांची कॅसेट ही रचना हल्ली रूढ आहे. ३२ ला ५१ ने भागले की ०.६३ येते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला मागचे चाक पाऊण फेराही फिरत नाही. रामटेकच्या गडाचा चढ बसूनच चढता येईल इतका हा गिअर हलका आहे. एकवीस गिअर असे लिहिलेल्या पाटीपेक्षा हा भागाकार विचारणे अधिक उपयोगाचे.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. १०० ते १२० मिलिमीटर हालचालीचा पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) येथे भरपूर झाला. स्वस्त सायकलीचे मागचे सस्पेन्शन वजन वाढवते आणि चढावर प्रत्येक पायडलची ताकद गिळते, ते घेऊ नये. हवेचा फोर्क असल्यास नेहमीच्या सामानासह सायकलवर उभे राहिल्यावर तो एकंदर हालचालीच्या सुमारे २० टक्के, म्हणजे १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये २० मिलिमीटर खाली बसावा. नळीवरच्या रबरी कड्याने हे मोजता येते.

वाटेवर

पहिले काही आठवडे कालव्याकडेचे रस्ते आणि पांदणी पुरेशा आहेत. शहरालगतच्या वनजमिनीत परवानगी विचारल्याशिवाय सायकल घालू नये, आणि पेंच, बोर किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला या संरक्षित जंगलांच्या हद्दीत वनविभागाच्या अधिकृत उपक्रमाखेरीज जाण्याचा विचारही मनात आणू नये.

उतारावर पायडल आडव्या समतल ठेवून उभे राहावे, गुडघे व कोपर किंचित वाकवावे, वजन पायांवर ठेवावे, हातांवर नाही, आणि प्रत्येक ब्रेकवर एकच बोट ठेवावे. नजर चाकापाशी नव्हे, पुढे आठ-दहा मीटरवर असावी, कारण सायकल नजरेमागून जाते. कोणत्या हाताचा ब्रेक कोणत्या चाकाचा आहे हे सायकलीनुसार बदलते, ते आधीच पाहून ठेवावे.

मुरमाचे वळण हा खरा कस. सारा ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असतानाच लावून सोडून द्यावा, मग बाहेरचा पाय खाली नेऊन त्यावर दाब द्यावा आणि शरीर जवळपास सरळ ठेवून सायकल आत झुकवावी. वळणाच्या मध्यावर पुढचा ब्रेक ओढणे म्हणजे पडण्याची हमी आहे. बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे गणित वेगळे असते. दिवाळीनंतर काळी माती वाळली की त्या दगडासारख्या कठीण होतात आणि चाकोरीला समांतर चालताना चाक तीत घसरले की हॅण्डल हातात राहत नाही. बाहेर पडायचे असेल तेव्हा वेग कमी करून, शक्य तितक्या काटकोनात, पुढचे चाक किंचित उचलून ओलांडावे. ते जमत नसेल तर चाकोरीतच शांतपणे चालत राहावे. उन्हाळ्यात याच मातीला चाकाच्या रुंदीच्या भेगा पडतात, त्यांच्याबाबतही हाच नियम. भर पावसात मात्र काळ्या मातीकडे फिरकू नये. सायकल तर अडकतेच, शिवाय शेतकऱ्याच्या वाटेवर आपण खोल घळी पाडून येतो. तेव्हा उंचवट्यावरचा मुरूम पसंत करावा, तेथे पाणी लवकर निचरते.

सुट्या दगडांच्या चढावर बसूनच, सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून, कोपर खाली दाबून पायडल मारावे. उभे राहिल्यास मागच्या चाकावरचे वजन उतरते आणि ते जागीच फिरते. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा, पायडलवर ताण असताना बदलल्यास चेन तुटू शकते.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत उजाडण्याआधी निघून आठपर्यंत परत यावे, तासाला किमान पाऊण लिटर पाणी बरोबर ठेवावे आणि त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर घालावी. हेल्मेट बाराही महिने हवेच.

परतल्यावर काळी माती ओली असतानाच हलक्या धारेने धुवावी, वाळली की ती खरवडावी लागते. जोराच्या पाण्याचा फवारा हब आणि बॉटम ब्रॅकेटवर (पायडलच्या मधल्या बेअरिंगवर) मारू नये, ग्रीस निघून जाते. चेन पुसून कोरडी केल्यावरच तेल द्यावे आणि वरचे जादा तेल पुसून टाकावे. उन्हाळ्याच्या धुळीत पातळ, कोरड्या प्रकारचे तेल बरे पडते. चेन मोजण्याचे साधे माप घ्यावे. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटसाठी ०.५ टक्के आणि त्याहून कमी गिअर असल्यास ०.७५ टक्के ताण, म्हणजे झिजून वाढलेली लांबी, दिसला की चेन बदलावी, अन्यथा काही शेकड्यांच्या चेनपायी काही हजारांची कॅसेट बदलावी लागते.