पाचवीला हायस्कूलात जाताय? या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी करून हायस्कूलात आलेली मुलं जुलैपर्यंत गोंधळलेली असतात. चौथीपर्यंत दिवस एका बाईंच्या हातात असतो. गणित लांबलं तर परिसर अभ्यास उद्या. इथे पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते, सर बदलतात, आणि आधीच्या सरांनी किती गृहपाठ दिलाय हे पुढच्यांना ठाऊक नसतं.

सगळ्यांत महागात पडते ती गृहपाठाची चूक. प्राथमिकला आज दिलेलं उद्या दाखवायचं असतं. इथे बहुतेकदा त्या विषयाच्या पुढच्या तासाला. समजा, परिसर अभ्यासाचे तास मंगळवारी आणि शुक्रवारी आहेत. मंगळवारी पाच प्रश्न मिळाले. पोरगा म्हणतो, शुक्रवारला अवकाश आहे. बुधवारी हिंदीचा उतारा, तोही शुक्रवारी दाखवायचा. गुरुवारी गणिताचा अख्खा उदाहरणसंग्रह, उद्याच! रात्री साडेनऊला तिन्ही वह्या उघडतात, आई उत्तरं सांगत जाते, पोरगा डुलक्या घेत लिहितो. शुक्रवारी तरी एक वही अपुरी, ओळीने बोलणी. सोमवारी सकाळी पोटात दुखतं आणि घरचे डब्यात काय बिघडलं ते शोधत बसतात.

यावर साधी डायरी पुरते. त्यात तीनच गोष्टी: विषय, काय करायचं, कोणत्या वारी दाखवायचं. शेवटचा वार लिहायला मुलं हमखास विसरतात, आणि खरं काम त्याचंच असतं. नोंद फळा पुसायच्या आत, मुलाच्याच हाताने. आणि गृहपाठ मिळाला त्याच संध्याकाळी निदान निम्मा करून टाकायचा. रोज रात्री व्हॉट्सॲपवर "आज काय दिलंय?" विचारणाऱ्या पालकांना कळकळीने सांगते, हे बंद करा. तुम्ही विचारताय तोवर मूल वर्गात कान देणार नाही.

दप्तर सकाळी भरू नका. घाईत सगळंच कोंबलं जातं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं; म्हणजे 28 किलोच्या मुलाला 2 किलो 800 ग्रॅम. त्यात लिटरभर पाण्याची बाटली एकटीच किलोभर खाते. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची द्या, दोनशे पानी वह्यांऐवजी शंभर पानी घ्या. रात्री वेळापत्रक समोर ठेवून मुलानेच दप्तर भरायचं, तुम्ही फक्त शेजारी बसा. पहिले एक-दोन आठवडे वेळापत्रक कच्चं असतं, म्हणून ते पेन्सिलीने लिहा.

हिंदी देवनागरीतच आहे म्हणून सोपी समजू नका. 'है' आणि 'हैं', 'में' आणि 'मैं' यांतच गुण जातात.

एसटीच्या पासासाठी शाळा सुरू व्हायची वाट बघत बसू नका, कागद आधीच जुळवा. मुलींना पाचवीपासून पास मोफत आहे. परतीची गाडी चुकली तर पुढची किती वाजता, हे मुलाला तोंडपाठ हवं.

लहान सुट्टी जेमतेम दहा मिनिटांची. डबा तेव्हा उघडला की लघवीला जायचं राहतं, मग तासाला विचारायची लाज. अनोळखी स्वच्छतागृहात जायला नको म्हणून काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. पहिल्याच दिवशी सोबत जाऊन जागा दाखवून आणा, आणि संध्याकाळी बाटली किती रिकामी झाली ते बघा.