बेल्ट कव्हरमध्ये पाणी शिरलं? आधी ते पाणी कसलं होतं ते बघा

रेस दिली की इंजिन बोंबलतं, पण गाडी जागची हलत नाही. हलली तरी थरथरत, किंचाळत निघते. पावसाळ्यात गिअरलेस स्कूटरचं असं झालं, तर बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या लांबट कव्हरमध्ये पाणी गेलेलं असतं. आत दोन पुल्यांवर रबरी बेल्ट फिरतो. तेलाचा थेंबही नसतो, सगळा कारभार कोरड्या पकडीवर. पुली आणि बेल्टमध्ये पाण्याचा पातळ थर आला की पकड सुटते. कव्हर हवाबंद का नसतं? बेल्ट तापतो म्हणून. पुढच्या पुलीच्या पात्या पंख्यासारखी हवा ओढतात आणि त्याच वाटेने पाणीही आत येतं. वॉशिंग सेंटरवाल्याने प्रेशरची धार त्या तोंडावर मारली, तर भर मे महिन्यातही हेच होतं.

पाणी एअर फिल्टरच्या वर चढलं असेल, तर सेल्फ मारू नका, किकही नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी ढकलतच गॅरेजला न्या.

फिल्टर कोरडा आहे आणि नुसतं पावसाचं पाणी उडालंय, अशा वेळी गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी ठेवा. कव्हरला खाली निचऱ्याची नळी किंवा बूच असेल तर ते उघडून पाणी काढा. मग इंजिन सुरू करून मध्यम रेस द्या, सोडा, पुन्हा द्या. दोन-तीन मिनिटांत पाणी बाहेर फेकलं जातं. ब्रेक दाबून रेस देण्याची युक्ती मात्र करू नका. त्याने बेल्ट वाळत नाही, क्लच शू (क्लचमधले ड्रमला घासून चाक फिरवणारे पॅड) जळून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि थरथर कायमची मागे लागते. घसरत्या बेल्टवर गाडी घरापर्यंत रेटणंही तसंच महागात पडतं.

पुराच्या पाण्याचं गणित वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं, तसं पाणी ओसरतं पण गाळ आतच ठेवून जातं. तो गाळ पुलीच्या चकचकीत तोंडांना पॉलिश पेपरसारखा घासतो. कव्हर उघडल्याशिवाय इथे इलाज नाही.

कव्हरचे बोल्ट बहुधा ८ नंबरच्या गोटी पान्याने निघतात. ते सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात कसला, तर आटे गेलेच. पॅकिंग आणि लहान गाइड पिना हरवू देऊ नका.

बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. पेट्रोल, डिझेल, गंज सोडवणारा स्प्रे यांतलं काहीही बेल्टला लावू नका, रबर फुगतं. आतल्या बाजूला चिरा असतील किंवा कडेचे धागे सुटले असतील तर बेल्ट बदलाच. रुंदीची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत असते. पुल्यांची तोंडं ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने पुसा. क्लचचा ड्रम आतून गंजला असेल तर पॉलिश पेपरने हलकेच घासा, तोंडाला मास्क लावून. गाडी पाण्यात दिवसेंदिवस उभी राहिली, तर शू गंजून ड्रमला चिकटतात आणि इंजिन सुरू होताच चाक फिरायला लागतं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना गाडी स्टँडवरच असू द्या.

व्हेरिएटरचे, म्हणजे पुढच्या पुलीतले, रोलर काढून बघा. एका बाजूने चपटे झाले असतील तर पूर्ण संच बदला. बहुतेक मॉडेलमध्ये रोलर कोरडेच चालतात, तिथे हौसेने ग्रीस भरू नका. मागच्या पुलीतलं ग्रीस पांढरट झालं असेल, तर ती पुली खोलावी लागते. तिच्यात जोरदार स्प्रिंग दाबलेली असते, ते काम मेकॅनिकवर सोडा.

जोडताना एक चूक नेहमी होते. मागची पुली हाताने फाकवून बेल्ट खोल दाबला नाही, तर पुढच्या पुलीच्या दोन तबकड्यांमध्ये तो चिमटतो. त्या पुलीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात पाना बेल्टवरच कसला जात असतो, आणि रस्त्यावर नट सैल होतो. पुढे बेल्ट ढिला लोंबतोय हे डोळ्यांनी पाहूनच नट कसा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने हवा. हवेच्या वाटेतला फोम धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवा.

मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं आणि त्यालाही हवेची नळी असते, म्हणजे पाण्याला वाट. निचऱ्याचा बोल्ट काढा. तेल दुधाळ निघालं तर सगळं काढून नवं भरा. ते जेमतेम १०० ते १२० मिलि लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. इंजिन ऑइलही दुधाळ दिसलं तर तेही त्याच दिवशी बदला.