क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढवून मिळत असेल तर

लिमिट वाढवून मिळत असेल तर मी सहसा हो म्हणते. खर्च तेवढाच ठेवला की वापराचं प्रमाण उतरतं: ५० हजारांच्या लिमिटवर २० हजार म्हणजे ४० टक्के, लाखावर तेच २० टक्के. क्रेडिट स्कोअरला हे मानवतं.

पण आधी जुनी स्टेटमेंटं काढून बघा. दर महिन्याला नुसती किमान रक्कम भरत असाल तर सरळ नाही म्हणा; बाकीवर व्याज चढतच राहतं, आणि वाढीव लिमिट म्हणजे आणखी कर्जाला मोकळं रान.

घेतलंत, तर त्याच दिवशी ॲपमध्ये ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा आपल्या गरजेपुरती खाली आणा. कार्डाची माहिती चोरीला गेलीच, तर सगळं लिमिट चोराच्या हाती लागायला नको! कार्डावर रोख काढू नका, त्यावर बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.