पहिले घर दोघांनी मिळून घेताना या चुका टाळा

घर पसंत पडले की जोडप्यांना घाई होते आणि घाई झाली की ‘ते नंतर बघू’ हे वाक्य तोंडी बसते. नात्यातली आणि ओळखीतली बरीच जोडपी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या चुका इतक्या सारख्या असतात की पिशवी उघडण्याआधीच मला त्या ओळखू येतात. विसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी आला असतात तर बरे झाले असते, हे मी प्रत्येकाला सांगते. पुढचे जोडपेही विसार देऊनच येते.

सर्वांत महागात पडणारी चूक नावाची आहे. कर्जाच्या कागदांवर नाव असणे आणि खरेदीखतात खरेदीदार म्हणून नाव असणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. सहकर्जदार म्हणून सही करणारी व्यक्ती साधारणपणे संपूर्ण कर्जाला जबाबदार असते, म्हणजे जोडीदाराचे हप्ते थकले तर बँक तिच्याकडे निम्मी नव्हे, सगळी रक्कम मागू शकते. मात्र केवळ त्या सहीमुळे ती घराची मालक होत नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवातून शिकले. आमच्या पहिल्या घराचा विसार नवऱ्याच्या खात्यातून गेला होता, म्हणून खरेदीखताचा मसुदा त्याच्या एकट्याच्या नावाने तयार झाला आणि तो वाचून पाहण्याचे आम्हा दोघांनाही सुचले नाही. नोंदणीच्या दिवशी मध्यस्थ पानांमागून पाने पुढे सरकवत होता, तो बोट ठेवेल तिथे आम्ही सह्या करत होतो, आणि मीही मोठ्या ऐटीत सही ठोकली. त्यानंतर सात वर्षे निम्मा हप्ता माझ्या पगारातून गेला. मोठ्या घरासाठी ते घर विकायला काढले तेव्हा खरेदीखत आम्ही प्रथमच नीट वाचले आणि शेवटून दुसऱ्या पानावर माझे नाव सापडले: साक्षीदार क्रमांक दोन. नवरा आधी हसला आणि मग माझा चेहरा पाहून गप्प झाला. आता माझे नाव चढवायचे तर ती साधी दुरुस्ती ठरणार नाही, वाट्याचे नव्याने हस्तांतर करावे लागेल, त्याचे शुल्क वेगळे भरावे लागेल आणि घर गहाण असल्यामुळे बँकेची लेखी संमतीही घ्यावी लागेल, असे वकिलाने सांगितले. शेवटी ते घर आम्ही तसेच विकले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मसुदा दोन दिवस आधी हातात मिळाल्याशिवाय नोंदणीची तारीख मान्य करायची नाही. मग मी तो मोठ्याने वाचते आणि नवरा पेन्सिल घेऊन समोरच्या प्रतीवर खुणा करत जातो. नावे, वाटे, चतुःसीमा आणि क्षेत्रफळ ही चार ठिकाणे आम्ही दोनदा वाचतो. एकाने जास्त रक्कम घातली असेल तर कोणाचा किती वाटा हे तेव्हाच लिहून घ्यावे, आणि एकाच्या पश्चात त्याचा वाटा थेट दुसऱ्याकडे जाईल की वारसांकडे, हेही विचारून घ्यावे. विचारायचे ते आपल्या वकिलाला, विकणाऱ्याच्या नव्हे. हे बोलणे अवघड वाटते म्हणून टाळणाऱ्यांची मला कीव येत नाही, कारण तीच मंडळी पडद्यांच्या रंगावर तीन संध्याकाळी वाद घालतात.

दुसरी चूक हप्त्याची. ‘महिन्याला एवढेच जातात’ या एका आकड्यावर जोडपी भुलतात आणि मुदत वाढवून हप्ता हलका करून घेतात. व्याजदर 9 टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली तर एकूण परतफेड मुद्दलाच्या सुमारे 2.16 पट होते. तीच मुदत 30 वर्षे केली तर हप्ता जेमतेम 11 टक्क्यांनी उतरतो, परंतु परतफेड सुमारे 2.9 पट होते. वीस वर्षांच्या कर्जातही पहिल्या हप्त्याचा 83 टक्क्यांहून अधिक भाग व्याजातच जातो, म्हणून दोन-तीन वर्षे हप्ते भरल्यावर मुद्दल फारसे हललेले दिसत नाही आणि नवशिके बँकेला दोष देऊ लागतात. आम्ही दरवर्षी एक जादा हप्ता थेट मुद्दलात भरतो. वरच्या 20 वर्षांच्या हिशेबात एवढ्यानेच कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते. मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क आहे का आणि व्याजदर बदलता आहे का, हे मात्र सही करण्यापूर्वीच विचारावे. शिवाय दोघांचे पगार एकत्र धरून ताणलेला हप्ता एकाची नोकरी गेली की पहिल्याच महिन्यात डोईजड होतो, तेव्हा एका पगारात किती पेलवते हे मी आधी कागदावर मांडायला लावते.

सगळी शिल्लक घराच्या किमतीत ओतू नये. नोंदणीचे शुल्क, वकिलाची फी, सामानाची ने-आण आणि पहिल्याच महिन्यात निघणारी दुरुस्ती यांना पैसे लागतातच.

घर एकदाच आणि तेही भर दुपारी पाहून पसंत करणारे लोक मला अजूनही भेटतात. मी निदान तीनदा जाते, त्यातली एक फेरी पावसात आणि एक रात्री. सोबत टेप आणि विजेरी असते. बाकी घर जुनाट असून एकाच भिंतीला नवा रंग दिसला की मी तळहात टेकवून पाहते, विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरते आणि फुगवटे शोधते, कारण ओल लपवायला रंगाइतके स्वस्त काही नाही. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांतले नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा जोर पाहावा. विकणाऱ्याने सांगितलेले क्षेत्रफळ भिंतींसकट आहे की आतले, हे स्वतः मोजून ठरवावे.

‘ते कपाट तुम्हालाच ठेवतो’ असे कोणी म्हणाले तर ते करारात लिहून घ्यावे.

शेवटची रक्कम देण्याआधी वीज, पाणी आणि देखभाल यांची थकबाकी उरलेली नाही याच्या पावत्या हातात घ्याव्यात. ‘सगळे भरले आहे’ हे तोंडी उत्तर मी ऐकून घेते आणि तरीही पावतीवरचा महिना तपासते.